रात्रीच्या खाऊची ट्रॉली बंद होऊ देऊ नका

पत्र:
मी एका वृद्धाश्रमात संध्याकाळच्या पाळीला काम करते. जेवणं सहाला होतात. आठला मी खाऊची ट्रॉली फिरवते: चहा, बिस्किटांचे छोटे पुडे, कधी फळ. सकाळचा नाश्ता साडेआठला असतो. ट्रॉलीवरचं अर्ध्याहून जास्त तसंच परत येतं. व्यवस्थापक म्हणतात, कुणी खात नाही, वाया जातं, बंदच करू. मधुमेह असलेल्यांच्या आणि गिळायला त्रास असलेल्यांच्या नावापुढे यादीत फुली आहे, त्यांना मी काहीच देत नाही. एक आजोबा रोज रात्री दोनच्या सुमारास उठून पॅसेजमध्ये फेऱ्या मारतात. त्यांना भ्रम होतो असं म्हणून परत झोपवलं जातं. एक आजी तर डोळ्यांदेखत वाळत चालल्या आहेत. त्यांच्यासाठी घरून काही करून न्यावं असं फार वाटतं. नेऊ का? मी काही शिकलेली नर्स नाही. माझ्या म्हणण्याला तिथे किती वजन असणार?

उत्तर:
ताई, आधी व्यवस्थापकांच्या मुद्द्याचं बघू, कारण तो निर्णय एकदा झाला की बाकीचं सगळं बोलणं फुकट जाईल. ट्रॉली बंद करू नये, आणि तसं म्हणायला तुमच्याकडे भक्कम कारण आहे.

संध्याकाळी सहा ते सकाळी साडेआठ म्हणजे साडेचौदा तास. अमेरिकेत वृद्धांच्या निवासी शुश्रूषा केंद्रांसाठी जो केंद्रीय नियम आहे, त्यात रात्रीचं भरपेट जेवण आणि सकाळचा नाश्ता यांच्यात १४ तासांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. झोपण्याआधी पौष्टिक खाऊ दिला आणि निवाशांच्या गटाने मान्यता दिली, तरच ते १६ तासांपर्यंत नेता येतं. स्वीडनमधल्या शिफारशी आणखी कडक आहेत, तिथे रात्रीचा उपास ११ तासांच्या पुढे जाऊ नये असं सांगतात. तुमच्या ठिकाणी कोणता नियम लागू आहे ते तिथल्या प्रमुख सिस्टरांना विचारा. पण नियम बाजूला ठेवला तरी शरीर घड्याळ बघतंच. आठचा खाऊ खरोखर पोटात गेला तर उपास साडेबारा तासांवर येतो. न गेला तर साडेचौदा. आणि ज्यांनी सहाला ताटातलं निम्मंच खाल्लं, त्यांचा खरा उपास दुपारपासूनच सुरू झालेला असतो.

म्हातारपणी थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं होतं. तहान कमी लागते, चव आणि वास मंदावतात, तोंड कोरडं पडतं. म्हणून मोठं ताट वाढून काही साधत नाही. थोडं थोडं, जास्त वेळा, हाच मार्ग उरतो. वृद्धांच्या आहाराबद्दलच्या युरोपीय वैद्यकीय मार्गदर्शनात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ३० कॅलरी आणि किमान १ ग्रॅम प्रथिनं धरतात. ५० किलोच्या आजींचा हिशेब १५०० कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रथिनं असा होतो. तीन वेळा अर्धं ताट खाऊन त्या तिथवर कशा पोचणार? प्रथिनं कमी पडली की शरीर स्नायूंना हात घालतं. मग पाय लटपटतात, पडणं होतं, जखमा भरत नाहीत. आठच्या ट्रॉलीवर जे असतं ते या तुटीतलं थोडंसं भरून काढायला असतं. त्याला वरचं खाणं समजणं, इथेच चूक होते.

आता ‘कुणी खात नाही’ हे. उद्या ट्रॉली परत आली की लगेच आवरू नका. दहा मिनिटं काढा आणि परत आलेली एकेक गोष्ट नीट बघा, ती बरंच सांगते. पुडा न फोडताच आलाय? बहुतेक बोटांनी तो फोडता आला नाही. सांधे सुजलेले असले, हात थरथरत असला की ते चकचकीत वेष्टन तरुण माणसालाही दातानेच फाडावं लागतं, आणि यांना दात नाहीत. एकच चावा घेतलेलं बिस्किट? कोरडं आहे, तोंडात लगदा होतो, घशाखाली उतरत नाही, किंवा कवळी ढिली झालीय. कप काठोकाठ भरलेला आणि थंड? तो टेबलावर ठेवला होता आणि टेबल हाताच्या टप्प्यात नव्हतं. फळ अख्खं परत आलंय? ते कापून द्यायला हवं होतं. खाऊला हातच लागला नाही आणि पांघरूण डोक्यापर्यंत ओढलेलं? त्या माणसाकडे आठला उशीर होतो, त्यांना सातलाच द्यायला हवं. कदाचित दुखत असेल, पोट साफ झालं नसेल किंवा मन खचलं असेल. हे सिस्टरांच्या कानावर घालण्यासारखं आहे.

म्हणजे ‘नको’ म्हणणारे फार थोडे असतात. बाकीच्यांपर्यंत खाऊ पोचलेलाच नसतो.

विचारायची पद्धतही बदलून बघा. दारातून ‘काही हवंय का?’ म्हटलं की उत्तर ‘नको’च येतं. कुणाला त्रास द्यायचा नाही ही या पिढीची सवय आहे, शिवाय समोर काही दिसत नसताना भूकही लागत नाही. आत जा, नावाने हाक मारा, दोन वस्तू दाखवा: ‘आजी, दही देऊ की केळं?’ दोन पुरे, पाच दाखवल्या तर गोंधळ होतो. वृद्धाश्रमांमधल्या खाण्यावर ज्यांनी अभ्यास केले आहेत, त्यांना हेच पुन्हा पुन्हा आढळलं आहे की दोन जेवणांच्या मधला खाऊ निवड करू देऊन, जवळ थांबून, लागेल तिथे हातभार लावून दिला की दिवसभराच्या कॅलरी वाढतात. खाऊ नुसता ठेवून पुढे जाण्याने तसं होत नाही.

तुमच्या ट्रॉलीवरच्या वस्तूंबद्दलही बोलायला हवं. चहा आणि दोन साधी बिस्किटं यांत कॅलरी जेमतेम शंभराच्या आसपास आणि प्रथिनं जवळपास नाहीत. त्याऐवजी दीडशे मिलिलिटर साय न काढलेलं दूध दिलं तर साधारण तेवढ्याच कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. उकडलेल्या एका अंड्यात ६ ग्रॅम. घट्ट दही, मऊ चीज, दुधात नीट भिजलेला ब्रेड, कुस्करलेलं केळं, हे सगळं दातांशिवायही जातं. दुधात दूध पावडर मिसळली तर कपाचा आकार तोच राहतो आणि ताकद वाढते. ज्यांच्या पोटात चार घोटांपलीकडे मावत नाही त्यांच्यासाठी हे फार उपयोगी आहे. चहा पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, संध्याकाळचा चहा काहींसाठी दिवसातला एकमेव आनंद असतो. पण कॅफीनचा अर्धा अंश शरीरात पाच तासांच्या आसपास टिकतो. म्हणून आठच्या फेरीला कॅफीन नसलेलं गरम पेय ठेवा आणि खरा चहा चारला जाऊ द्या. रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून काही जण पिणंच टाळतात. त्यांना दिवसा जास्त पाजा आणि खाऊनंतर, झोपण्याआधी, बाथरूमला नेऊन आणा. पाणी तोडू नका.

फुल्यांच्या यादीवर मात्र मला थांबावंसं वाटतं, कारण तिथे धोका आहे.

मधुमेहवाल्यांना रात्री काही द्यायचं नाही, हे कुणी ठरवलं? बहुधा कुणीच नाही. कधीतरी कुणीतरी काळजीपोटी फुली मारली आणि ती तशीच राहिली. ज्यांना इन्शुलिन चालू आहे किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड यांसारख्या गोळ्या आहेत, त्यांच्या रक्तातली साखर औषध उतरवतच राहतं, मग जेवण पूर्ण झालेलं असो की अर्धं. रात्री ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर दरदरून घाम, थरथर, धडधड होते. पण खूप वयस्कर माणसांत ही लक्षणं दिसतीलच असं नाही. नुसता गोंधळ, चिडचिड, अस्वस्थ फिरणं एवढंच दिसतं. म्हणून तुमच्या त्या दोनच्या आजोबांना मधुमेह आहे का, त्यांचं कोणतं औषध रात्री चालू आहे, आणि सहाला त्यांनी किती खाल्लं होतं, हे तिन्ही प्रश्न उद्याच सिस्टरांना विचारा. त्या वेळी बोट टोचून साखर बघितली आहे का, हेही विचारा. सगळ्याच मधुमेहींना रात्री खाऊ लागतो असं नाही. कुणाला काय आणि किती हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. पण ठरवलेलं असायला हवं आणि नावागणिक लिहिलेलं असायला हवं. सरसकट फुली हा वैद्यकीय सल्ला नव्हे. वय वाढलं की कडक पथ्याने होणारा फायदा कमी होत जातो आणि उपासमारीचं नुकसान वाढत जातं, म्हणून हल्ली वृद्धांच्या आहारातली बंधनं शक्य तिथे सैल करावीत असाच सल्ला दिला जातो.

साखर उतरल्याचं कळलं आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण अर्धा कप फळाचा रस देतात आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, मदत बोलवायची. तुम्ही नर्स नसलात तरी हे तुम्हाला माहीत असायलाच हवं, कारण रात्री पहिली पोचणार तुम्हीच.

आजोबांना साखरेचा काही त्रास नाही असं निघालं, तर साधी भूक धरून बघा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला भूक लागल्याचं शब्दांत सांगता येत नाही, तो उठतो आणि चालायला लागतो. आठला आणि गरज पडली तर दहालाही त्यांना काहीतरी भरीव द्या. ते बसत नसतील तर हातात धरून चालता चालता खाता येईल असं मऊ काही द्या, मात्र तुम्ही बरोबर चाला आणि घास संपेपर्यंत त्यांना सोडू नका. ताटलीचा रंगही पाहा. पांढऱ्या ताटलीत पांढरं दही या मंडळींना दिसतच नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, अल्झायमर असलेल्या निवाशांना ठळक रंगाची भांडी दिल्यावर खाणं सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणं सुमारे ८४ टक्क्यांनी वाढलं होतं. मोजकेच लोक होते त्यात, पण लाल वाटी आणायला फार काही लागत नाही, करून तर बघा.

गिळायला त्रास असणाऱ्यांची फुलीही अशीच पुसायची, पण इथे एकटीने काही करू नका. गिळण्याच्या आहारासाठी इडसी नावाची एक आंतरराष्ट्रीय पातळ्यांची पट्टी आहे, शून्यापासून सातपर्यंत. शून्य म्हणजे पाण्यासारखं पातळ, चार म्हणजे एकजीव वाटलेलं, पाच म्हणजे बारीक आणि ओलसर (मोठ्या माणसांसाठी तुकडा ४ मिलिमीटरचा), सहा म्हणजे मऊ आणि दीड सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे, सात म्हणजे नेहमीचं अन्न. प्रत्येकाची पातळी गिळण्याचा तपास करणारे तज्ज्ञ ठरवतात. ती पातळी यादीत नावापुढे लिहून घ्या आणि फुलीच्या जागी तो आकडा येऊ द्या. मग आचाऱ्यांना कळेल की चार पातळीच्या आजींना रात्री गुठळ्या नसलेलं घट्ट दही चालेल आणि त्यावर दाणे भुरभुरायचे नाहीत.

भरवताना काय करायचं ते तुम्ही रोज बघत असाल, तरी सांगते. माणूस ताठ बसलेला हवा, पलंगावर असेल तर पाठ उभी आणि हनुवटी किंचित खाली. तुम्ही उभ्या राहू नका. खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, कारण वर बघून गिळलं की घास वाट चुकतो. चमचा छोटा, तोही अर्धा भरलेला. तो समोरून, खालच्या बाजूने न्या, त्यांना दिसू द्या, ओठ आपणहून उघडू द्या. घास गेला की गळ्याकडे बघा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते, तेव्हा गिळणं झालं. त्यानंतरही क्षणभर थांबा, काहींना एका घासाला दोनदा गिळावं लागतं. मध्ये दोन शब्द बोलायला लावा, पण तोंड रिकामं झाल्यावरच. आवाज ओला, गुरगुरता आला, खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, तर थांबायचं आणि सिस्टरांना सांगायचं. खोलीत गडबड असेल तर टीव्ही बंद करायला सांगा आणि दार लोटून घ्या. खाऊन झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करू नका. मग दात, जीभ, कवळी स्वच्छ करा. तोंडात राहिलेले कण आणि जंतू रात्री श्वासनलिकेत उतरले की न्यूमोनिया होतो, म्हणून ही शेवटची पाच मिनिटं वगळायची नाहीत.

काही बारीकसारीक गोष्टी सिस्टरांकडून एकदाच विचारून घ्या. किडनीचा आजार असलेल्यांना केळं चालतं का, हृदयविकार असलेल्यांना दिवसाला पाणी किती, पार्किन्सनची लेव्होडोपा घेणाऱ्यांचं दूध-अंडं गोळीपासून किती लांब ठेवायचं (प्रथिनांमुळे त्या गोळीचा परिणाम कमी होतो), थायरॉइडची गोळी कुणी रात्री घेतं का, कारण तिच्याबरोबर दूध चालत नाही. आणि ट्रॉलीवर दूध, दही, अंडी तास-दोन तास उघडी फिरवू नका. थंड वस्तू बर्फावर, गरम वस्तू झाकून, उरलेलं पुन्हा दुसऱ्या दिवशी नाही.

तुमच्या म्हणण्याला वजन किती, असं विचारलंत. वही ठेवा. नाव, काय दिलं, किती खाल्लं (सगळं, अर्धं, चव घेतली, नाही), आणि नाही तर का. एवढंच, रोज. त्याच्या शेजारी महिन्याचं वजन मांडायला सिस्टरांना सांगा. महिन्यात वजनाच्या ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही गंभीर मानतात. ५० किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो गेले तर डॉक्टरांना कळवायलाच हवं. व्यवस्थापकांना ‘लोक उपाशी राहतात’ असं सांगितलंत तर वाद होईल. ‘पुडे फोडून दिल्यापासून इतक्या जणांनी खाल्लं, बिस्किटाऐवजी दही ठेवलं तर टाकून द्यावं लागणारं इतकं कमी झालं’ असं वहीतून दाखवलंत तर त्यांनाही ते वर दाखवता येईल. त्यांना खर्चाचं उत्तर द्यावं लागतं, त्यांच्यावर रागावू नका. त्यांना उत्तर हातात द्या. आणि एकटीला सगळ्यांजवळ बसणं जमणार नाही, हेही स्पष्ट सांगा. ज्यांना भरवावं लागतं त्यांची नावं वेगळी काढली तर ती मोजकीच निघतील. त्यांच्यासाठी आठच्या वेळी आणखी एक माणूस अर्धा तास मागा. येणारे नातेवाईक असतील तर त्यांनाही भरवायची पद्धत दाखवून सामील करून घ्या, पुष्कळांना काही करायला मिळालं तर बरंच वाटतं.

राहता राहिल्या आजी. तुम्हाला त्यांच्यासाठी घरून करून न्यावंसं वाटतं, यातच तुमचं काम किती मनापासून आहे ते दिसतं. पण नेऊ नका. त्यांची गिळण्याची पातळी, त्यांची औषधं, एखादी ॲलर्जी, हे तुमच्या डब्याला ठाऊक नसतं. आणि काही झालं तर दोष तुमच्यावर येईल, मग ट्रॉलीची बाजू घेणारं तिथे कुणी उरणार नाही. त्याऐवजी त्यांच्याजवळ बसा आणि लहानपणी, लग्नानंतर, आजारपणात काय खावंसं वाटायचं ते विचारा. त्या स्वतः सांगू शकत नसतील तर मुलांना विचारा. जे कळेल ते आहारतज्ज्ञांना द्या आणि स्वयंपाकघरातूनच, त्यांच्या पातळीचं करून, आठच्या ट्रॉलीवर त्यांच्या नावाने ठेवायला सांगा. त्याचबरोबर त्यांचं वजन, तोंड आणि मन या तिन्हींची तपासणी याच आठवड्यात व्हावी असं सिस्टरांना लेखी कळवा. वाळत जाण्यामागे दुखरा दात असू शकतो, औषधाने मेलेली भूक असू शकते, नैराश्य असू शकतं. खाऊने ते बरं होणार नाही, आणि डॉक्टरांनी वेळेत बघितलं तर होऊही शकेल.